अडतिसावा सेकंद

पूलच्या टेबलापाशी ताई मागे कुणी लागल्यासारखी खेळते. क्यूच्या टोकावर खडू दोनदा फिरवायचा, एक श्वास, की फटका. पांढरा बॉल थांबायच्या आत ती पुढच्या बॉलकडे निघालेली असते. मला हा खेळ तिनेच शिकवला. तिच्या खेळातलं वर्मही तिनेच विश्वासाने सांगितलं होतं: खुर्चीत ताटकळत बसावं लागलं की तिचा हात गार पडतो.

उपांत्य फेरीत आम्ही दोघी समोरासमोर आलो. जिंकणारी राष्ट्रीय संघात जाणार होती. ताईचं वय पाहता तिच्यासाठी ही शेवटची संधी होती, आणि हे मला पुरतं ठाऊक होतं.

पहिले चार डाव तिने बघता बघता घेतले. मग मी खडू उचलला. सावकाश लावला, फुंकर मारली, पुन्हा लावला. टेबलाभोवती एक फेरी मारली. समोर शेंबडं पोरही पॉकेटमध्ये घालेल असा बॉल होता, तरी वाकले, उठले, रुमालाने क्यू पुसला. एका फटक्याला चाळीस सेकंद मिळतात. मी प्रत्येक फटका अडतिसाव्या सेकंदाला मारत होते. पंच बोलणार तरी काय?

सहाव्या डावापासून ताई चुकायला लागली. खुर्चीत बसून बोटं चोळायची. एक सोपा बॉल पॉकेटच्या तोंडाशी अडला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी खडूकडे पाहिलं.

सात-पाच अशी मी जिंकले. काय शांत डोक्याने खेळलीस, असं कुणीतरी म्हणालं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कपडे बदलायच्या खोलीत ताई शेजारी येऊन बसली. मी मान खाली घालून तयार होते. तिने एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"मनगट पुन्हा दुखतंय ना? केवढा वेळ लागत होता तुला. आधी सांगायचंस गं. मी मेली उगाच झपाझप खेळून तुझ्यावर दडपण आणत राहिले."

मी हो म्हणाले. तिने पिशवीतून मलम काढलं आणि माझं धडधाकट मनगट कितीतरी वेळ चोळत बसली.