एकदाच वापरायची सुई

ऐका, मी सुई बोलतेय, आणि चिडून बोलतेय. कपडे शिवणारी नव्हे, इंजेक्शनचीही नव्हे. मी टॅटूची सुई. करंगळीच्या दुप्पट लांब सळई आणि टोकाला पाच बारीक काटे, एवढंच माझं अंग.

एका कारखान्यात भिंगाखाली बसलेल्या बायकांनी माझे काटे जोडले. मग मला निर्जंतुक करून पाकिटात बंद केलं. पाकिटावर एक चिमुकलं चित्र होतं, दोनचा आकडा आणि त्यावर काट. दुसऱ्यांदा वापरू नका. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून शब्दांऐवजी चित्र. एका माणसाचं एक गोंदण करायचं आणि सुयांच्या बंद डब्यात जाऊन संपायचं, असं माझं आयुष्य ठरलेलं होतं. ते मला छोटं वाटलं नाही. स्वच्छ वाटलं.

मी इंदूरला आले ती यतीनच्या दुकानात. राजेंद्र नगरात मोबाइलच्या दुकानावर, जिना चढून गेलं की एक खोली. काळी भिंत, लाल दिवा, मोठा आरसा. यतीनचा हात चांगला होता, हे मी मान्य करते. मोराचं पीस काढलं तर फुंकर मारून बघावंसं वाटे. पण हे काम तो मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला होता, आणि व्हिडिओत जे कंटाळवाणं होतं, हात धुणं, हातमोजे बदलणं, सुई टाकून देणं, ते त्यानं पुढे पळवलं असावं.

नवरात्राचा पहिला दिवस होता. गरब्याला जाणाऱ्या पोरापोरींची जिन्यात रांग लागली होती. पहिला बसला यशवर्धन नावाचा तरुण. दंडावर त्रिशूळ हवा होता. यतीननं माझं पाकीट त्याच्यासमोर फाडलं, मला यंत्रात बसवलं आणि मी कामाला लागले. तासाभरात त्रिशूळ झाला. रक्त पुसलं गेलं. मला वाटलं, झालं माझं.

यतीननं मला काढलं, कोमट पाण्यात बुडवलं, रुमालाला पुसलं. मग ड्रॉवरमधून एक गोंदाची नळी काढली आणि मला माझ्याच फाटक्या पाकिटात घालून त्याची कड पुन्हा चिकटवली.

हे तुम्हांला नीट कळलं का? पुढचं गिऱ्हाईक बसलं की त्यानं तेच पाकीट त्याच्या डोळ्यांदेखत ‘टर्र’ करून फाडावं, म्हणून. शेजारच्या फळीवर नव्या सुयांचा अख्खा डबा होता! पोहे-जलेबीच्या एका प्लेटीपेक्षा स्वस्त आहे मी. त्या प्लेटीसाठी माणसानं हे केलं.

नऊ दिवसांत असं मला बारा जणांच्या अंगात घातलं.

चौथ्या दिवशी क्षितिजा आली. ती सहावी. चोवीस वर्षांची, तुकोगंजमधल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करणारी, हसरी मुलगी. बरोबर तिची आत्या होती, भानुमतीबाई. सत्तरी ओलांडलेल्या, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या डाव्या हातावर हिरवट पडलेलं तुळशीचं गोंदण होतं. क्षितिजाला हुबेहूब तेच हवं होतं.

“वा आत्याजी! हे तर एकदम ओरिजिनल व्हिंटेज आहे,” यतीन म्हणाला. “पहले के लोग काय शौकीन होते.”

“शौक?” भानुमतीबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “सात वर्षांची होते मी. चौघींनी धरून ठेवलं होतं मला. गोंदणारीनं तीन सुया दोऱ्यानं बांधल्या, दिव्याची काजळी घेतली आणि सुरू झाली. मी बोंबलत होते आणि ती गाणं म्हणत होती. आई म्हणाली, रडू नको, मेल्यावर बरोबर येतो तो एवढाच दागिना. बाकी सगळं काढून घेतात.”

“मग छानच की!” क्षितिजा म्हणाली.

“छान आहेच. तुझ्या आजीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, पण हातावरची तुळस कुणाला पुसता आली नाही. ते खरंच. पण त्याच तीन सुयांनी त्या दुपारी आळीतल्या सोळा पोरी गोंदल्या हेही खरं. माझा हात महिनाभर सुजला होता. शेजारची गंगू तापानं गेली. कशानं गेली, कोण विचारतंय तेव्हा? आणि इंग्रज तर कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदायचे, जन्मभर दिसावा म्हणून. गोंदण म्हणजे नुसता शौक नसतो रे बाबा. कुणी आपल्या हौशीनं करतं, कुणावर केलं जातं.” मग त्या खुर्चीवर नीट बसल्या. “म्हणून सांगते, सुई नवी हवी. पाकीट माझ्यासमोर फोड.”

“टेन्शन मत लो आत्याजी. देखो, सीलपॅक.”

टर्र.

भानुमतीबाईंनी मान डोलावली. क्षितिजानं हात पुढे केला. मला ओरडायचं होतं. पण सुईला तोंड नसतं, टोक असतं, आणि ते टोक यतीनच्या बोटांत होतं. मी त्या मुलीच्या कोवळ्या मनगटात तुळस काढली. फार सुंदर झाली ती. आत्याच्या हाताला हात लावून तिनं फोटो काढला.

नवव्या दिवशी माझे काटे बोथट झाले. यतीननं मला ड्रॉवरमध्ये टाकलं. तिथे माझ्यासारख्या तीसेक जणी आधीच पडलेल्या होत्या.

हिवाळा संपला. होळी झाली. आणि एके दिवशी भर दुपारी जिन्यात पावलं वाजली. क्षितिजा होती. चेहरा ओळखू येईना इतका उतरलेला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

“यतीन भिया, ऑक्टोबरमध्ये माझ्या हातावर जी सुई वापरली, ती नवी होती?”

“अरे, आत्याजींच्या सामने तर फोडली होती!”

“मला हेपेटायटिस सी झालाय.”

यतीन हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, “बाहेरचं काही खाल्लं असेल. पाणी-वाणी...”

“तो खाण्यापाण्यातून होत नाही. रक्तातून होतो.” तिचा आवाज चढला. “माझ्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आई मधुमेही, आत्या सत्तरीची. फक्त माझी किडनी जुळली. सगळं ठरलं होतं, ऑपरेशनची तारीखसुद्धा. शेवटच्या रक्ताच्या तपासणीत हे निघालं. डॉक्टर विचारत होत्या, कधी रक्त चढवलं? नाही. ऑपरेशन? नाही. दात काढला? नाही. मग त्यांनी माझं मनगट बघितलं.”

यतीनची नजर ड्रॉवरकडे गेली. तिनं त्याला बाजूला सारून ड्रॉवर ओढला. आम्ही सगळ्या तिच्यासमोर उघड्या पडलो. चिकटवलेली, पुन्हा फाडलेली, पुन्हा चिकटवलेली पाकिटं. आणि ती गोंदाची नळी.

तिनं नळी उचलून बघितली. समजायला तिला क्षणभर लागला. मग तिनं ती इतक्या जोरात आरशावर फेकली की आरशाला तडा गेला.

“सीझन होता,” यतीन पुटपुटला. “रश बहुत था. मी धूत तर होतो... मला काय माहीत त्यात कुणाला काय होतं ते.”

“माहीत नव्हतं म्हणूनच नवी सुई वापरायची असते!”

त्या एका वाक्यासाठी मी त्या मुलीच्या पायाशी डोकं ठेवलं असतं. जे पाकिटावर छापलं होतं, जे तीस सुया ड्रॉवरमध्ये महिनोन्‌महिने कण्हत होत्या, ते तिनं त्याच्या तोंडावर मारलं. पर्समधला जेवणाचा रिकामा डबा काढून तिनं वहीच्या पुठ्ठ्यानं आम्हांला त्यात लोटलं आणि झाकण लावलं. मग त्याच्या मोबाइलवरून नवरात्रातल्या गिऱ्हाइकांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतले. माझ्या पाकिटातून कुणाकुणाला गोंदलं, ते बारा जणही यतीननं आठवून सांगितले. नाही म्हणायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं.

दोन दिवस तो डबा त्यांच्या घरी टेबलावर होता. तिचा भाऊ हृषीकेश डायलिसिसहून आला आणि त्यानं झाकण उघडलं. सत्तावीस वर्षांचा पोरगा, पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनिअर होता. आता दिवसाआड यंत्राला जोडलेला.

“ह्याच का त्या?”

“हात नको लावू!” क्षितिजा धावत आली. आणि मग तिथेच फरशीवर बसली. “दादा, मला टॅटू काढायचाच नव्हता बघ. आत्याची तुळस आवडली म्हणून...”

“मग? तुळस वाईट आहे का?”

“तुझी तारीख गेली माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळे नाही गेली,” हृषीकेश म्हणाला. “त्यानं पाकीट तुझ्यासमोर फोडलं होतं. आत्यानं सांगितलं होतं. अजून काय करायचं असतं माणसानं?”

आतल्या खोलीच्या दारात भानुमतीबाई उभ्या होत्या. पदर पुढे ओढून त्यांनी आपला गोंदलेला हात झाकला. मी त्यांची कधी माफी मागू शकणार नाही, याचाही मला राग येतो.

मग क्षितिजा डबा घेऊन डॉक्टर यामिनींकडे गेली, तिचं मनगट बघणाऱ्या त्याच. त्यांनी डब्यात डोकावून मान हलवली. “सुयांवर आता काही सापडणार नाही. विषाणू इतके महिने टिकत नाही. पण त्या बारा जणांचं रक्त बोलेल. त्यांना शोधू या.”

क्षितिजानं फोटो घेऊन त्यांना शोधायला सुरुवात केली. कुणी फोन कापला, कुणी म्हणालं बदनामी करू नका. एकाच्या आईनं तर तिलाच सुनावलं, असले धंदे केलेत म्हणून रोग झालाय. तरी ती थांबली नाही. ऑफिस सुटलं की डायलिसिसच्या वेळा सांभाळून ती दारोदार जाऊन बेल वाजवी.

यशवर्धनही सापडला. त्याच्याही रक्तात तो विषाणू निघाला, आणि जुना. लहानपणी अपघातात त्याला रक्त चढवलं होतं, बहुधा तेव्हापासूनचा. त्याला कधी काही झालं नव्हतं, म्हणून कळलंच नव्हतं. डॉक्टरांसमोर तो ढसाढसा रडला. “म्हणजे माझ्यामुळे...” मला त्याला म्हणावंसं वाटलं, गप रे, तुझा काय दोष? तुझं रक्त तुझ्यापाशी होतं. ते दुसऱ्याच्या अंगात नेणारा हात दुसऱ्याचा होता.

क्षितिजा धरून अकरा जण तपासले. यशवर्धन सोडून तिघांना लागण झाली होती. आणि ऐका, हा आजार बरा होतो. तीन महिने रोज गोळ्या घ्यायच्या, सरकारी रुग्णालयात त्या फुकट मिळतात. क्षितिजानं त्या घेतल्या. पुढे आणखी तीन महिने थांबून पुन्हा तपासलं. रक्त स्वच्छ निघालं.

अहवाल घेऊन ती धावतच किडनीच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेली. पण मधल्या काळात हृषीकेशचं हृदय थकलं होतं. ते म्हणाले, इतक्यात ऑपरेशन झेपणार नाही. औषधं देऊ, सुधारलं तर बघू. सहा महिन्यांपूर्वी झालं असतं. आज तिची किडनी तयार आहे आणि त्याचं हृदय तयार नाही. तो अजून दिवसाआड त्या यंत्राला जोडला जातोय, आणि ती शेजारच्या स्टुलावर बसून त्याला मोबाइलवरच्या बातम्या वाचून दाखवते.

यतीनचं काय झालं विचारता? तक्रार झाली. दुकान पाच आठवडे बंद राहिलं. मग पाटी बदलून दुसऱ्या कॉलनीत उघडलं. ऐकते, आरसा आधीपेक्षा मोठा आहे.

मी आता डॉक्टर यामिनींच्या टेबलावर झाकणबंद बाटलीत आहे. बाकीच्या जणींना रीतसर डब्यात टाकून नष्ट केलं, मला एकटीला ठेवलं. टॅटू काढायला निघालेली पोरं आली की डॉक्टर बाटली हलवून दाखवतात. गोंदवू नका, असं त्या म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. हजारो वर्षं माणसं गोंदवून घेत आलीत, पुढेही घेतील. पण नुसत्या ‘टर्र’वर भरवसा ठेवू नका. पाकीट आपल्या हातात घ्या, त्याची कड बघा, आणि काम झालं की ती सुई तुमच्यासमोर डब्यात पडू द्या. तो कुरकुरला तर उठून चालते व्हा.

आणि एक बाकी आहे. बारावी.

शेवटच्या दिवशी दुपारी ती सांवेरहून बसनं आली होती. लग्न ठरलेली, अंगानं बारीक. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तिनं ‘आशिष’ लिहवून घेतलं. “फोटू मत लेना भिया, घर में पता नी है,” ती म्हणाली, म्हणून तिचा फोटो नाही, नाव नाही, काही नाही. यतीनला गाव तेवढं आठवलं. क्षितिजा दोनदा सांवेरला जाऊन आली, बसस्टँडवर, बांगड्यांच्या दुकानांत विचारून आली. तू सापडली नाहीस.

मी तेव्हा पार बोथट झाले होते. सगळ्यांत जास्त तुला दुखलं असेल, आणि तू हूं की चूं केलं नाहीस. बाई, तुझं लग्न झालं असेल. कदाचित पोटात लेकरूही असेल. तुला बरंच वाटत असेल, हा आजार वर्षानुवर्षं बरंच वाटू देतो. कुणाला काही सांगू नकोस हवं तर. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि एवढंच म्हण, हेपेटायटिस सी तपासायचाय. हात लपव, नाव लपव, पण रक्त दाखव.