मामांचा वाटा

डर्मट क्विनलन पाद्री नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण तो परत गेल्यापासून लोक त्याला फादर म्हणायला लागलेत. तो समुद्रापलीकडच्या बेंडिगो शहरातला प्लंबर. बायको मॉरीनला घेऊन आमच्या सिंबूच्या डोंगरात दोन वर्षांसाठी आलेला प्रापंचिक मिशनरी. नळ उत्तम बसवायचा. तेवढ्यावर थांबला असता तर आज मी त्याच्यासाठी प्रार्थना केली असती.

मी बिबियाना, चर्चच्या महिलामंडळाची अध्यक्ष. नवरा वारला, मुलगा एकच, अलोइस. प्रवाशांचा ट्रक चालवायचा. एका वळणावर मागे बसलेला सियुने खाली पडला आणि जागीच मेला. सियुने खालच्या कुळातला. अलोइस ट्रक तिथंच टाकून पळाला तो थेट गोरोका शहरात, माझ्या बहिणीकडे. थांबला असता तर त्याला तिथंच तोडला असता, आणि मी त्यांना दोष दिला नसता.

आमच्याकडे माणूस मेला की मारणाऱ्याच्या घरच्यांनी डुकरं द्यायची, चुकून मेला तरी. अर्धी मेलेल्याच्या बापाच्या कुळाला, अर्धी त्याच्या मामांना. मामांच्या हातात मांस पडत नाही तोवर मेलेला माणूस रस्त्यातच पडलेला असतो. वर्षभर मी रताळी स्वतः न खाता डुकरांना घातली. माझा दीर बोमाई इकडून तिकडे चकरा मारून थकला, पण दिवस ठरवून आला. सियुनेचा बाप मोंडो कबूल झाला. डोंगरापलीकडचे मामाही झाले. डुकरं दिली की अलोइस घरी येणार होता. मला दुसरं काही नको होतं.

ठरल्या दिवसाच्या आदल्या रविवारी फादर आले नव्हते. ते महिन्यातून एकदा येतात. अशा रविवारी प्रार्थना डर्मट चालवायचा. त्या दिवशी त्याच्या अंगात आलं. बायबल मिटून त्याने मला आणि मोंडोला पुढे बोलावलं.

"ख्रिस्ताने क्षमेच्या बदल्यात डुकरं मागितली का?" त्याने विचारलं. "मोंडो, तू ख्रिस्ती आहेस ना?"

वेदीसमोर उभं करून असं विचारल्यावर बिचारा मोंडो काय म्हणणार? त्याने हात पुढे केला. मी केला नाही. डर्मटने माझं मनगट धरून माझा हात त्याच्या हातात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मॉरीनने डोळे पुसले. मोंडो जमिनीकडे बघत होता. मला इतका संताप आला होता की कान वाजत होते.

बाहेर आल्यावर बोमाईने मला गाठलं. "वहिनी, हे झालं म्हणायचं की नाही?"

"मामा होते का आत?"

"नव्हते."

"मग झालं माझं कपाळ."

मी तडक डर्मटच्या घरी गेले. तो चहा करत होता.

"ठरल्या दिवशी मी डुकरं देणार आहे," मी म्हटलं.

"आई, देवाने तुला मोकळं केलंय. परत कशाला बेडी घालून घेतेस?"

"मोंडोने हात दिला. मामांनी दिलेला नाही."

"मामांचा काय संबंध? पोरगा बापाचा."

"तुझ्या गावात असेल."

तो हसला. लहान मुलीची समजूत घालतात तसा माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझं वय त्याच्या आईएवढं.

पण मोंडो अडकला. वेदीसमोर फुकट क्षमा केलेल्या माणसाने डुकरं कोणत्या तोंडाने घ्यायची? मी येत नाही, असा त्याने निरोप धाडला. बापच येणार नाही तर देणं होत नाही. मामांना वाटलं, दोन्ही कुळांनी आपसात मिटवलं आणि आपल्याला वगळलं. बोमाई समजावायला गेला तर त्यांनी त्याला पाणीही विचारलं नाही. मी गोरोकाला सांगून पाठवलं, अलोइसला हलू देऊ नका.

आणि डर्मट मिशनची गाडी काढून स्वतः त्याला आणायला गेला. मला सुखद धक्का द्यायचा होता म्हणे.

अलोइसने विचारलं होतं, "डुकरं दिली का?" डर्मट म्हणाला, "त्याची आता गरज नाही. आई वाट बघतेय." चर्चचा माणूस खोटं कशाला बोलेल? पोरगं वर्षभर घर सोडून राहिलेलं. बसलं गाडीत.

खिंडीत मामा उभे होते. त्यांनी डर्मटचं दार अदबीने उघडलं. "भाऊ, तुझ्याशी आमचं वैर नाही. तू उतर." डर्मट उतरला. बोलून समजूत काढू म्हणून उतरला, असं तो सांगत होता. आत बसून राहिला असता तर त्यांना थांबावं लागलं असतं. पाहुण्याच्या अंगावर रक्त उडवणं आमच्यात फार वाईट.

अंधार पडायच्या आत तो माझ्या दारात आला. गुडघ्यांवर बसला.

"आई, मला क्षमा कर."

"काय आणलंस?"

त्याला कळलं नाही. "अलोइसच्या बदल्यात देण्यासारखं माझ्याकडे काय असणार? माणसाचं मोल होत नाही."

"होत नाहीच. सियुनेचंही होत नव्हतं. पण ज्याचं माणूस गेलं त्याच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत."

"तू ख्रिस्ती आहेस," तो रडत म्हणाला.

"तुझ्या जन्माच्या आधीपासून. ऊठ इथून."

आठवडा व्हायच्या आत दोघं नवरा-बायको मायदेशी परत गेले. मोंडोने लाजून एक डुक्कर पाठवलं, ते मी घेतलं. मामांचं आणि आमचं फिटलं. डर्मटचं राहिलं, आणि राहिलेलं आमच्यात कुळातल्या कुणाकडूनही वसूल होतं. त्याच्याकडून एक कोंबडीसुद्धा आली नाही.

यंदा नवी मिशनरी आलीय. ब्रिजिड, नर्स आहे. पोरांच्या फुटलेल्या कानांतला पू न किळसता पुसते. मी तिच्याशी बोलत नाही. गेल्या रविवारी प्रार्थना झाल्यावर तीच माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात धरले.

"आई, तुम्हाला भेटायचंच होतं मला," ती म्हणाली. "डर्मट माझे सख्खे मामा."

मी हात सोडवून घेतले. "हे अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हालाच."

"मग तोंड बंद ठेव."

तिचा चेहरा पडला. माझ्या मनात अजून राग आहे, असं तिला वाटलं असेल. तो आहेच.

बोमाई पायरीवर बसून बघत होता. त्याची पोरंही होती, ज्यांनी खिंडीतून अलोइसचं प्रेत उचलून आणलं होतं ती.

"वहिनी, कोण गं ती? त्या डर्मटच्या कुळातली आहे का?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

येत्या रविवारी तो पुन्हा विचारेल. तेव्हा काय सांगेन, ते मी अजून ठरवलेलं नाही.