सोळा नंबरचं ताट

"भावोजी, ताई खाली शवागारात आहे आणि तुम्ही मीटिंगला निघालात?" मेहुणीने त्यांची बाही धरली. "लोक काय म्हणतील?"

"शववाहिका यायला वेळ आहे," मास्तर म्हणाले. "तोवर इथे बसून तरी काय करू?"

शिंपीकामामुळे त्यांना सगळे मास्तर म्हणत. बायको पहाटे गेली. दोन महिने ती या इस्पितळात सोळा नंबरच्या खाटेवर होती, आणि मास्तर नातेवाइकांच्या वतीने इथल्या अन्न समितीवर होते.

समितीत ते आले तेच भांडत. कोमट जेवणाने तिचं पोट दोनदा बिघडलं, तेव्हा "शिळं वाढतोस" म्हणून त्यांनी मुख्य आचाऱ्याला चारचौघांत नाही नाही ते सुनावलं होतं. आचारी म्हणाला, "कात्री दुकानात ठेवा, मास्तर. आधी माझं स्वयंपाकघर बघा." बघितलं, तर पातेल्यातून वाफा निघत होत्या. मास्तरांनी तिथल्या तिथे हात जोडले. मग अन्न निरीक्षक, मोठ्या सिस्टर, आचारी, मास्तर असे सगळेच जेवणाच्या गाडीमागोमाग वर गेले. डॉक्टरांचा राउंड संपेपर्यंत गाडी लिफ्टपाशी नुसती उभी राहत होती. निरीक्षकांनी सुपात थर्मामीटर बुडवला; ते पार कोमट झालं होतं. आचाऱ्याने चमचाभर सूप तोंडात घेतलं आणि म्हणाला, "हे मी केलेलं नाही." केलेलं त्यानेच होतं. त्या दिवसानंतर समितीत कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही.

राउंडसाठी गाडी थांबवायची की नाही, याचा आज निर्णय व्हायचा होता. त्यासाठी नातेवाइकांपैकी तिघे तरी हजर लागत, आणि आले होते तिघेच: मास्तर, एक ट्रक ड्रायव्हर आणि नातवासाठी येणाऱ्या चष्मेवाल्या आजी. एक जरी उठला तरी विषय पुढच्या महिन्यावर.

मास्तर बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मला बसता येतं का, तेवढं आधी सांगा. माझं माणूस पहाटे गेलं."

आजींनी चष्मा काढला. आचारी टेबलाकडे बघू लागला.

"नियम असा आहे..." निरीक्षक चाचरले. "म्हणजे, पेशंट दाखल असेल तरच..."

"पेशंटचं नाव काढायचा कागद दुपारी होईल," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तोवर खाट त्यांच्याच नावावर आहे. बसा, मास्तर."

मास्तर बसले.

"पण डॉक्टर ऐकतील का?" ड्रायव्हरने विचारलं.

"न ऐकायला काय झालं? त्यांना स्वतःला गार जेवण वाढून बघा एकदा," आजी म्हणाल्या.

हसावं की नाही ते कुणाला कळेना. मग मास्तरच हसले, तेव्हा बाकीचे थोडेसे हसले.

सिस्टरांनी डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. राउंड पलीकडच्या वॉर्डापासून सुरू करायला ते तयार झाले. निरीक्षक म्हणाले, "ठीक, पुढच्या सोमवारपासून."

"आजपासून," आचारी म्हणाला. मास्तरांकडे त्याने बघितलं नाही. "गाडी थेट खाटांपर्यंत जाईल. मी स्वतः खाली उभा राहतो."

हात वर झाले. बाकीच्यांनी खाली घेतले तरी मास्तरांचा वरच होता. आजींनी तो हळूच धरून खाली आणला.

ते वॉर्डात परतले तेव्हा मेहुणी कपाट आवरत होती. साडी, कंगवा, औषधं. खाटेवर नवी चादर घातलेली.

तेवढ्यात गाडी आली. कुठेही न थांबता आली. वाढणाऱ्या मावशींनी हातातली यादी बघितली आणि सोळा नंबरच्या टेबलावर ताट ठेवलं. मग रिकामी खाट दिसली.

"अगं बाई," त्या कशाबशा म्हणाल्या. "मला खालून कुणी सांगितलंच नाही हो."

"असू दे, मावशी."

मास्तरांनी झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. ते तसेच वाकून राहिले, मग झाकण नीट बसवलं.

"मास्तर, खाऊन घ्या थोडं. सकाळपासून काही नसेल पोटात."

"नको. पेशंटचं आहे ते." त्यांनी ताट दोन्ही हातांवर उचललं. "उरलेलं ताट बाहेर राहता कामा नये, लगेच खाली गेलं पाहिजे. चला, मी आणतो गाडीपर्यंत."

गाडी तोवर पार शेवटच्या खाटेपाशी गेली होती. ताटाच्या बुडाचा चटका बसत होता.

"भावोजी, हात भाजतील," मागून मेहुणी म्हणाली. "ठेवा ना खाली."

ते ताट तसंच धरून, दोन्ही बाजूंच्या जेवणाऱ्या माणसांमधून, सावकाश चालत राहिले.