गोळीची झीज

"काढा बाहेर! एक मिनिट झालं," लेक म्हणाली.

बाबांनी तोंडातली साखरेची गोळी काढली, रुमालावर हलकेच टिपली आणि मायक्रोमीटरमध्ये धरली. कारखान्यात चौतीस वर्षं बेअरिंगचे छर्रे तपासलेला हात. किती आवळायचं ते बोटांनाच ठाऊक होतं.

"एकोणीस पूर्णांक दोन. वीसवरून. लिही."

लेकीनं लिहिलं. ही दुसरी गोळी. पहिली त्यांनी बोलता बोलता कडाकड चावून टाकली होती.

"साठी उलटली, तरी दातांना धीर नाही," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "परीक्षेत पेपर चावू नका म्हणजे मिळवलं."

परीक्षा तीन आठवड्यांवर होती. बारावीच्या परीक्षेत बाबा गणितात दोनदा आपटले होते, त्याला चाळीस वर्षं झाली. पुढे कारखाना, लग्न, लेकीचं शिक्षण. लेक कॉलेजात गणित शिकवू लागली आणि बाबा मात्र कुठल्याही अर्जावर शिक्षणापुढे 'अपूर्ण' असंच लिहीत राहिले. निवृत्त झाल्यावर कुणाला न विचारता त्यांनी परीक्षेचा फॉर्म भरला. बाकी सगळं जमलं, पण एका प्रकारच्या गणितापाशी गाडी अडली. एक गोष्ट अमुक वेगानं बदलते, तर तिच्याशी बांधलेली दुसरी किती वेगानं बदलेल? सूत्र पाठ होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. म्हणून ही गोळी.

पाच मिनिटं, पाच मोजमापं. दर वेळी आठ दशांश मिलिमीटरची घट.

"झीज एकसारखी आहे," बाबा खूश झाले. "आता मिनिटाला किती साखर विरघळते ते काढतो." मान खाली घालून त्यांनी आकडेमोड केली. "सुरुवातीला मिनिटाला चार हजार घन मिलिमीटर."

"आणि अख्खी गोळी केवढी होती? मी कागदावर वरच्या बाजूला काढलंय बघा."

"चार हजार एकशे..." ते थबकले. "म्हणजे एका मिनिटात जवळजवळ संपायला हवी होती. मग माझ्या तोंडात हे काय आहे?"

लेकीला हसू आलं. बाबांनी कागद जवळ घेतला, लांब धरला, मग कपाळावर हात मारून घेतला.

"व्यास! सगळीकडे व्यासच घातला मी. इतकी वर्षं तपासणीच्या कार्डावर व्यास लिहिला. त्रिज्या कुणी मागितलीच नाही गं कधी!"

पुन्हा मांडलं. सुरुवातीला पाचशे तीन. त्रिज्या निम्मी होईल तेव्हा एकशे सव्वीस.

"त्रिज्या त्याच वेगानं घटतेय, मग साखर पाव हिश्शावर का आली?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी गोळी या गालातून त्या गालात फिरवली.

"झिजतं ते वरचं साल," ते सावकाश म्हणाले. "सालाची जाडी तेवढीच. पण मोठ्या गोळीला साल जास्त लागतं." मग लेकीकडे वळून, "एवढंच होतं होय? तेव्हा कुणीतरी गोळी द्यायला हवी होती."

तीन आठवड्यांनी बाबा गणिताचा पेपर देऊन आले आणि "एकही प्रश्न कोरा सोडला नाही" म्हणून जेवायला बसले. निकालाच्या अकरा दिवस आधी, सकाळी बूट घालता घालता, ते गेले.

गुणपत्रिका आणायला लेक परीक्षा केंद्रावर गेली. खिडकीमागच्या कारकुनानं तिनं दिलेल्या नंबरावरून कागद काढला आणि वर न बघता तो म्हणाला, "विद्यार्थ्याला पाठवा. स्वतः यावं लागतं."

"ते वारले."

त्यानं मान वर केली. हातातल्या कागदावरचं जन्मसाल वाचलं.

"तुमचे कोण?"

"वडील."

कागद त्यानं सरळ केला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"गणितात एकसष्ट आहेत," तो म्हणाला, आणि रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. "सही लागेल."

विद्यार्थ्याची जागा तिनं मोकळी ठेवली. शेजारी 'पालक' असं छापलेलं होतं. तिथे तिनं सही केली, आणि शाई वाळेपर्यंत रजिस्टर मिटू दिलं नाही.