गवतातली वाट

"बॅग उघडा, साहेब."

"मामा, सकाळी बघितलीत ना?"

"आत जाताना बघितली. आता बाहेर जाताना."

कॅमेरेवाल्याने मुकाट्याने चेन ओढली. पाण्याची बाटली, दोन केळी, एक वही. राखणदाराने वहीसुद्धा झटकली. तिकीटखिडकीतली ताई खुदकन हसली.

"मामा, वहीतून अंडं पडणार आहे का?"

"तू तिकिटं फाड."

राखीव माळावर त्या दुर्मीळ पक्ष्याचं यंदा एकच घरटं होतं. घरटं कसलं, गवतात उघड्या जमिनीवर ठेवलेलं एकुलतं एक अंडं. मादी वर्षाला एकच घालते. गेल्या वर्षीचं कुणीतरी चोरलं, तेव्हापासून मोठं भिंग घेऊन येणारा प्रत्येक माणूस मामांना चोरच दिसे. हा तर लागोपाठ दोन दिवस आला होता. वर विचारत होता, "मादी अंड्यावरून कधी उठते हो?" सरळ माणूस असलं कशाला विचारील?

म्हणून तो टेकाडाआड गेला की मामा तडक घरट्याकडे जात. मादी उठून बाजूला होई, अंडं दिसे, जीव भांड्यात पडे. आजच्या एका दिवसात आठ खेपा झाल्या.

बावीस वर्षं हेच मामा शाळेच्या सहलींना गवताशी थांबवून सांगत आले होते, "बाळांनो, एका जागी दोनदा पाय टाकायचा नाही. गवत वाकतं, वाकलेल्या गवताची वाट होते, आणि वाट सगळ्यांनाच दिसते."

तिसऱ्या दिवशी सकाळी अंडं नव्हतं.

मामा धापा टाकत फाटकाशी आले. कॅमेरेवाला तिकीट काढत होता. त्यांनी त्याच्या बॅगेचा पट्टाच धरला.

"कुठं ठेवलंस?"

"गेलं?" त्याचा चेहरा उतरला. "मामा, मी त्या बाजूला फिरकलोसुद्धा नाही. मुद्दाम."

"घरटं कुठल्या बाजूला आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

तो खाली बघत म्हणाला, "टेकाडावरून दिसते ना. तुमची वाट."

मामा टेकाडावर चढले. खाली जांभळी-पिवळी फुलं वाऱ्यावर हलत होती, आणि त्यांच्या मधोमध, भांग पाडावा तशी, फाटकापासून घरट्यापर्यंत एक सरळ रेघ गेली होती. ते उतरून त्या रेघेशी वाकले. ओल्या मातीत त्यांच्या बुटांचे ठसे होते. त्यांवर कोल्ह्याच्या पंजांचे.

पलीकडे मादी रिकाम्या जागेभोवती फिरत होती. मामा पुढे गेले नाहीत.

दुपारी ताईने नोंदवही पुढे सरकवली. "कोल्ह्याने नेलं, एवढंच लिहा, मामा. खोटं थोडंच आहे?"

मामांनी सावकाश लिहिलं, 'राखणदाराच्या पायांनी पडलेल्या वाटेने कोल्हा आला.' खाली सही केली.

संध्याकाळी कॅमेरेवाला निघाला आणि सवयीने बॅग उघडून उभा राहिला. मामांनी पुढे होऊन चेन लावून दिली.

"चुकलो, साहेब."

"असू दे, मामा."

तो गेल्यावर मामांनी आपली पिशवी खिडकीच्या फळीवर ठेवली आणि तिचं तोंड उघडलं.

"बघ."

"मामा, काहीतरीच काय!"

"बघ म्हणतो ना."

ताईने डोकावलं. आत सकाळचा डबा होता, न उघडलेला.