गच्चीवरची वीज

गच्चीवर हातोड्याचे घाव पडायला लागले तेव्हा अक्का दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करत होती. वरून चुन्याची पूड पडली ती नेमकी नव्या घडीवर. चादर झटकत ती बाहेर आली, मान वर करून बघते तर दोन माणसं दोराने सौर पॅनेल वर ओढताहेत, आणि कठड्यापाशी तिचा धाकटा भाऊ मुकादमासारखे हातवारे करतोय.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही योजना शोधली होती तिनं. लाँड्री चालवायची तर विजेचं बिल म्हणजे दुसरं भाडंच. त्यात तिचा बॉयलर एवढा जुना, की वाफ कमी करायचा आणि खोली जास्त तापवायचा. वर्षभर ती कामातून वेळ काढून वीज कार्यालयात खेटे घालत होती. या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी तिथल्या एका बाईनं तिला समोर बसवून नीट समजावलं, की गच्चीवर पॅनेल बसवली तर खर्चाचा काही वाटा सरकार उचलतं, आणि ती वीज एखाद्या बाईच्या लहान धंद्याला जाणार असेल तर तो वाटा जवळजवळ दुप्पट होतो. जुनं यंत्र मोडीत काढून कमी वीज खाणारं घेतलं, तर त्याची सवलत वेगळी. पॅनेलसाठी अट एकच, गच्चीच्या मालकाची संमती.

गच्ची धाकट्याची. वडील गेल्यावर घर त्याच्या नावावर झालं आणि तळमजल्याची खोली अक्कानं ‘वापरायची’ असं ठरलं. तेव्हा ती काही बोलली नव्हती. संमती मागायला गेली की धाकटा म्हणायचा, बघू. एकदा म्हणाला, ती पॅनेलं दोन वर्षांत बंद पडतात, कशाला नसता उपद्व्याप. भावजयीनं तर हसत विचारलं होतं, उन्हात आजवर कपडे वाळवले, आता इस्त्रीही उन्हानंच करणार का?

आणि आता हे. आयत्या बिळावर नागोबा.

ती तरातरा गच्चीवर गेली. धाकटा जराही वरमला नाही. घराचंच भलं होतंय, म्हणाला. वरच्या मजल्याला वापरून उरलेली वीज कंपनीला देणार, आणि पुढेमागे अक्कालाही एक लाइन काढून देणार, बाहेरच्यापेक्षा कमी दरात.

“म्हणजे मी शोधलेली वीज तू मला विकणार?”

“विकणार काय म्हणतेस? घरातलीच तर आहेस.”

माणसं ऐकत होती, म्हणून ती खाली आली. त्या दिवशी तिनं चादरी अशा दाबल्या की इस्त्रीची मूठ हलायला लागली.

पुढे वरच्या मजल्यावर थंड हवेचं यंत्र दिवसभर घुमायला लागलं. खाली अक्काचं बिल होतं तेवढंच. मग एका संध्याकाळी अचानक वायरमन आला, त्यानं गच्चीवरून एक जाड तार खाली आणली आणि लाँड्रीच्या भिंतीवर नवाकोरा बोर्ड ठोकला. अक्काला वाटलं, शेवटी रक्ताचा भाऊ आहे, पाझर फुटला असेल. तिनं वायरमनला चहा दिला. कप परत देताना तो खाली बघत म्हणाला, यातून इतक्यात काही चालवू नका.

त्याचा अर्थ सकाळी कळला. कित्येक दिवसांनी धाकटा लाँड्रीत आला, स्टूल ओढून बसला. आज तपासनीस येतोय, म्हणाला. लाँड्री या विजेवर चालते एवढंच सांग. अक्कानं खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं, की अर्ज तिच्या लाँड्रीचं नाव पुढे करून केला होता. दुप्पट वाट्यासाठी.

जिन्याचा कठडा धरत धरत आईही वरून खाली आली होती. “घरातलं घरात राहू दे,” ती म्हणाली. “भाऊ आहे तो तुझा.”

अक्कानं रागानं पुढची चादर ओढली.

तपासनीस घाईत होता. गच्ची बघून खाली आला, बोर्ड बघितला आणि विचारलं, लाँड्री यावरच चालते ना? धाकटा म्हणाला, हो, सगळी. तपासनीस म्हणाला, मी बाईंना विचारतोय.

अक्कानं फळीवरची गार इस्त्री काढली, तिची पिन नव्या बोर्डात घातली, बटण दाबलं. मग इस्त्री उलटी करून तिच्या तळव्यावर आपला पंजा टेकवला आणि तसाच ठेवला.

“अक्का, चटका बसेल,” धाकटा पुटपुटला.

“बसू दे की. बसला तर तू खरा.”

बराच वेळ गेला. तिनं इस्त्री तपासनिसापुढे धरली. त्यानंही बोट लावून बघितलं.

“साहेब,” ती म्हणाली, “ही तार गच्चीवरून येते आणि या भिंतीत संपते. सवलत माझ्या नावावर मागितलीय, वीज मला कधी दिलीच नाही.”

तपासनिसानं धाकट्याला बाजूला घेऊन सुनावलं ते सगळ्यांना ऐकू आलं. महिन्याभरात लाँड्रीला खरी वीज द्या, नाहीतर सवलत रद्द. धाकटा मान खाली घालून निघून गेला. आई मात्र थांबली.

“एवढ्याशा गोष्टीसाठी भावाची अब्रू वेशीवर टांगलीस.”

“त्यानं माझं नाव बाजारात नेलं, तेव्हा माझ्या अब्रूसाठी का नाही उतरलीस खाली?”

आई एकेक पायरी चढत वर गेली, आणि अक्कानं तिला हात दिला नाही. याचं तिला रात्री वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

महिना भरायच्या आत तार खरोखर जोडली गेली. पुढचं बिल निम्म्याहून खाली आलं. धाकटा बोलेनासा झाला, भावजय कपडे दुसऱ्या लाँड्रीत टाकायला लागली. समोरच्या शिंप्यानं समजूत घातली, मिळालं ना हक्काचं, आता सोड राग. अक्का म्हणाली, मिळालं ते रागामुळेच. तो सोडून कसं चालेल?

मग बॉयलरची सवलत मागायला ती पुन्हा कार्यालयात गेली. खिडकीतल्या माणसानं विचारलं, यंत्राचे मालक कोण.

“मी,” अक्का म्हणाली, आणि तेही एवढ्या मोठ्यानं की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.