फरार

“बाई, तुम्ही कधी लातूरला मोर्चाला गेल्ता का?” वैजनाथनं कॉम्प्युटरवरची नजर न हलवता विचारलं.

“गेल्ते की,” सिंधुबाई म्हणाल्या. “अंगणवाडीवाल्या समद्याच गेल्तो. मानधन वाढवा म्हणून. लई वर्सं झाली त्याला. कामून?”

वैजनाथनं हातातला पेन टेबलावर ठेवला. तालुक्याच्या ठाण्यात पासपोर्टची आणि चारित्र्य पडताळणीची कामं तोच बघायचा. तो मूळचा बोरवाडीचा. त्याच्या दोन्ही पोरी सिंधुबाईंच्याच अंगणवाडीत बडबडगीतं शिकल्या होत्या. नांदेडच्या पासपोर्ट ऑफिसातून अर्ज आल्याबरोबर त्यानं स्वतःहून फोन केला होता, “बाई, या उद्या, अर्ध्या घंट्याचं काम हाय.” त्यामुळं सिंधुबाई निर्धास्त होत्या. येताना ठाण्यातल्या लोकांसाठी घरचे शेंगदाण्याचे लाडूही त्यांनी आणले होते.

“तुमच्या नावावर गुन्हा दिसून राहिला,” वैजनाथ हळू आवाजात म्हणाला. “लातूरचा. दोन हजार नऊ. रस्ता अडवला, बेकायदा जमाव. एकोणीस बायका. अठराजणींचं मिटलंय. एक फरार हाय.”

“कोण?”

 वैजनाथनं स्क्रीन थोडा त्यांच्याकडं वळवला. सिंधुबाईंनी चष्मा चढवला. सिंधु किशनराव ढगे, अंगणवाडी सेविका, आणि पुढं तो शब्द. त्यांनी तो दोनदा वाचला.

“मी कुठं फरार झाले रे?” त्या म्हणाल्या. “तीस वर्सं झाली, रोज दहाला अंगणवाडी उघडून राहिले.”

“समन्स निघालं होतं. तुम्हाला मिळालं न्हाई. मग वॉरंट निघालं. इसम मिळून आला न्हाई, असा रिपोर्ट गेला.” वैजनाथनं बाजूच्या टेबलाकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. तो पुढं झुकला. “बाई, नीट ऐका. इथं गाव बोरगाव लिवलंय. बोरवाडी न्हाई. तुम्ही म्हणला, ही बाई मी न्हाईच, तर मी तसा जबाब घेऊ शकतो. नावासारखं नाव असतंय.”

सिंधुबाईंना तो दिवस आठवला. दुपारचं ऊन, डांबरावर टाकलेल्या सतरंज्या, पुढं त्यांच्या संघटनेची उज्वला मुंढे घोषणा देत होती. तासाभरानं पोलिसांनी गाडीत घातलं आणि एका मंगल कार्यालयात नेऊन बसवलं. चहा दिला. एका हवालदारानं ओळीनं सगळ्यांची नावं लिहून घेतली. दिवेलागणीला सोडलं. दोन महिन्यांनी मानधन थोडं वाढलं, तेव्हा किशनरावांनी गावात पेढे वाटले होते. “आमची बायको जेलात जाऊन आली,” असं ते कौतुकानं सांगायचे. किशनराव जाऊनही आता बारा वर्षं झाली.

“मी तिथं होते, वैजनाथ,” त्या म्हणाल्या. “न्हाई कसं म्हणू?”

“आज जावा. उद्या विचार करून सांगा.”

लाडवांचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्या बाहेर पडल्या.

बोरवाडीच्या एस.टी.त बसल्यावर त्यांना सगळ्याचा हिशेब लागेना. शिल्पा ही त्यांची एकुलती एक लेक. चार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर पोर्तुगालला गेली. दोनदा पोट राहिलं आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात गेलं. आता तिसऱ्यांदा पाचवा सरत आला होता आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. जावई सत्यम गोदामात पाळीनं कामाला. सासू नाही, जाऊ नाही. “आई, आता कायमचीच ये,” शिल्पा म्हणाली होती. “तिथं तुझं कोण हाय?” सत्यमनं कागद केले, तिथल्या सरकारनं होकारही दिला. राहिला होता फक्त भारतातल्या पोलिसांचा एक दाखला, की ही बाई गुन्हेगार नाही. तेवढ्याच भरवशावर सिंधुबाईंनी गेल्या महिन्यात राजीनामा दिला होता. अंगणवाडीची किल्ली, हजेरीपट, वजनकाटा सगळं नव्या सेविकेच्या ताब्यात दिलं होतं.

संध्याकाळी शिल्पाचा फोन आला. सिंधुबाईंनी सगळं सांगितलं.

 शिल्पा म्हणाली, “आई, न्हाई म्हण ना. गाव तर वेगळंच हाय.”

“अगं पण मीच हाय ती.”

“कुणाला फरक पडतोय? कुणाचं नुकसान होणार हाय त्यात?” ती पुढं म्हणाली, “मी दिवसभर छताकडं बघत पडलेली असते आई. सत्यम जातो तवा पाण्याची बाटली उशाला ठेवून जातो. मला लई भीती वाटून राहिली.”

सिंधुबाईंनी त्या रात्री फारसा विचार केलाच नाही. विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळी पहिल्या गाडीनं त्या ठाण्यात गेल्या आणि वैजनाथच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“घे जबाब,” त्या म्हणाल्या. “ती बाई मी न्हाई.”

वैजनाथ उठून उभा राहिला. त्यांना खुर्ची दिली.

“बाई, काल तुम्ही गेल्यावर सायबांनी फाइल बघितली. नाव, नवऱ्याचं नाव, धंदा, वय, समदं जुळतंय म्हणाले. लातूरला मेसेज गेला. आता माझ्या हातात काही राहिलं न्हाई.”

“मग आता?”

“आता लातूरच्या कोर्टात जाऊन हजर व्हायचं. न्हाई तर हितूनच तुम्हाला घेऊन जायचा हुकूम येईल. ते मी होऊ देणार न्हाई. तुम्ही आपल्या पायानं जावा.”

सिंधुबाई खुर्चीत बसून राहिल्या. दाखला मिळणार नाही, हे त्यांना कळलं होतं. पण त्याहीपेक्षा आपण मघाशी जे वाक्य बोललो ते याच्यापुढं बोललो, हे त्यांना टोचत होतं. आणि ते बोलूनही काही उपयोग झाला नव्हता.

उज्वला मुंढे आता साठीच्या पुढं गेली होती. गुडघे धरले होते तिचे. तरीही ती जामीन राहायला सातबारा घेऊन लातूरच्या कोर्टात आली. व्हरांड्यातल्या बाकावर दोघी शेजारी बसल्या.

“आम्हा समद्यांना समन्स आलं, आम्ही तेरा सालीच दंड भरून मोकळ्या झालो,” उज्वला म्हणाली. “तू आली न्हाईस तवा मला वाटलं, तुझं नाव आपोआप गळालं. विचारायला पायजे होतं मी. तुला तर त्या दिवशी मोर्चाच्या गाडीत मीच बसवली होती. तू म्हणत होतीस, पोरीला ताप हाय.”

सिंधुबाईंना ते आठवत नव्हतं. शिल्पाला त्या दिवशी ताप होता का? असेल.

“आलते ते बरंच झालं,” त्या म्हणाल्या. “मानधन वाढलं की.”

वकील गुरुलिंग स्वामी तरुण होता आणि बोलायला सरळ होता. जुनी फाइल रेकॉर्डरूममधून वर यायला दीड महिना गेला होता. तेवढ्यात शिल्पाला सातवा लागला होता.

“मावशी, दोन वाटा हैत,” गुरुलिंग म्हणाला. “आज वॉरंट रद्द होईल, जामीन होईल, त्याची काळजी करू नका. पुढं साहेब विचारतील, गुन्हा कबूल हाय का. हाव म्हणलात, की दंड भरून आजच मोकळं. पण मग शिक्षा झाली अशी नोंद राहते. दाखल्यावर ती येणार. बाहेरच्या देशाचं आपण काय सांगावं?”

“आणि न्हाई म्हणलं तर?”

“केस चालंल. साक्षीदार पोलीस हैत. एक वारलाय, एक रिटायर होऊन गावाकडं गेलाय. तुम्ही निर्दोष सुटणार, हे मी लिहून देतो. कधी, ते मात्र सांगता येत न्हाई. तोवर केस चालू आहे असंच दिसंल.”

“आश्विनात बाळंतपण हाय पोरीचं.”

गुरुलिंगनं मान खाली घातली. “आश्विनात न्हाई होणार मावशी. कशानंच.”

दुपारी तीनला नावाचा पुकारा झाला. सिंधुबाई पदर सावरून आत गेल्या. पिंजरा म्हणजे एक लाकडी कठडा होता. न्यायाधीश त्यांच्या शिल्पापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी कागद उलटले, मग वर बघितलं.

“तुम्ही इतकी वर्षं कुठं होता?”

“अंगणवाडीत, मॅडम.”

गुरुलिंगनं पुढं होऊन पत्त्याची चूक सांगितली. वॉरंट रद्द झालं. उज्वलानं सही केली. मग न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

उज्वला बाकावरून त्यांच्याकडं बघत होती. सिंधुबाईंना वैजनाथच्या टेबलासमोरची ती सकाळ आठवली. पुन्हा एकदा काहीतरी बोलून सुटायचं होतं, आणि या वेळी काहीही बोललं तरी आश्विनात पोरीकडं पोचायचं नव्हतं.

“मी रस्त्यावर बसले होते मॅडम,” त्या म्हणाल्या. “पोरांना खाऊ घालणाऱ्या बाया होतो आम्ही. ते गुन्हा म्हणून न्हाई केलं.”

 न्यायाधीश लिपिकाला म्हणाल्या, “नाकबूल.” पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली.

पोर्तुगाल सरकारच्या परवानगीची मुदत भाद्रपदात संपली. सत्यमनं पुन्हा अर्ज केला, तेव्हा त्यांनी पुन्हा तोच दाखला मागितला. सिंधुबाईंनी पर्यवेक्षिकेला विचारून बघितलं, पण अंगणवाडीची जागा भरली गेली होती. नवी सेविका चांगली होती. गाणं आठवलं नाही की ती सिंधुबाईंच्या घरी येऊन विचारून जायची.

शिल्पाला वेळेआधी बारा दिवस मुलगी झाली. पोट चिरावं लागलं. सत्यमनं आठ दिवस रजा काढली, मग त्यालाही जावं लागलं.

नवव्या दिवशी दुपारी दोनला शिल्पाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ होती. ती पहिल्यांदा एकटी बाळाला न्हाऊ घालणार होती. तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता. पाठीमागं पांढऱ्या फरशीची न्हाणी दिसत होती.

“आई, तू दाखव. मी बघून बघून करते.”

सिंधुबाईंनी सकाळपासून तयारी केली होती. न्हाणीत पाट मांडला होता, चुलीवर तापवलेलं पाणी बादलीत ओतून ठेवलं होतं. पाटावर बसून त्यांनी दोन्ही पाय लांब केले, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि नडग्यांवर एक गुंडाळलेली चादर आडवी ठेवली.

“पाय जवळ घे. असे. फट ठेवू नको. डोकं तुझ्या पावलांकडं, पाय पोटाकडं. पण पोटाच्या टाक्यांवर भार येऊ देऊ नको. मागं भिंतीला टेक.”

“टेकले.”

“आता हात मानेखाली घे.”

“आई, लई लहान हाय गं ही. सुटंल हातातून.”

“सुटत न्हाई. लेकरू धरून असतंय. तेल लाव आधी टाळूला.”

सिंधुबाई चादरीवरून हात फिरवत होत्या. छाती, बगल, मांड्या, मग पालथं करून पाठ. पडद्यावर शिल्पाचे हात त्यांच्या मागोमाग चालले होते, जरा अडखळत. बाळ रडलं आणि थांबलं.

“आता पाणी. कसं हाय बघ.”

“कोमट हाय. पण कोमट म्हंजे किती, आई?”

सिंधुबाईंनी कोपर आपल्या बादलीत बुडवलं. बुडवून ठेवलं.

“कोपराला काहीच कळू नये, एवढं,” त्या म्हणाल्या. “ना गरम, ना गार. तू बुडवून बघ.”

शिल्पानं बुडवलं. तिनं मान हलवली. मग तिच्या हातातला तांब्या हळूहळू कलला, आणि सिंधुबाईंनी चादरीवर हाताची पन्हाळ धरली, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

बाळाला पुसून गुंडाळल्यावर शिल्पा म्हणाली, “झोपली बघ लगेच. ठेवते आई, हिला पाजते.” फोन बंद झाला.

सिंधुबाईंनी चादर झटकली आणि घडी करून पाटावर ठेवली. ती कोरडीच होती. बादलीतलं पाणी अजून तसंच होतं. वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी त्या पाण्यानं आपले पाय धुतले.